टेकडीवरचा पिवळा गालिचा सोनकीचा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळच्या टेकडीवर सप्टेंबरपासून कंबरभर उंचीची केशरी-पिवळी फुलं दाटली आहेत. काही जण त्यांना सोनकी म्हणतात, काही जण कॉसमॉस. फुलपाखरं भरपूर बसतात. तरीही ती उपटायची मोहीम काढावी का, आणि काढलीच तर कशी?

कंबरभर उंची आणि केशरी झाक एवढ्यावरून तरी हा कॉसमॉसच वाटतो, पूर्ण नाव कॉसमॉस सल्फ्युरियस. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, आपल्याकडे बागेत शोभेसाठी लावलेला. बागेतून रस्त्याच्या कडेला, तिथून पडीक रानात आणि आता टेकड्यांच्या उतारांवर असा तो सरकत आला आहे. पण 'वाटतो' एवढ्यावर कोणी काही उपटू नये. अशा मोहिमांतली सगळ्यात महाग चूक म्हणजे उत्साहाच्या भरात सोनकीच उपटली जाणं. म्हणून ओळख आधी आणि सविस्तर.

फुलाच्या रंगावर अजिबात विसंबू नका. सह्याद्रीत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये निम्मी फुलं पिवळीच असतात. पहिली नजर पानावर टाका. कॉसमॉसची पानं खोडावर समोरासमोर, जोडीनं येतात आणि दोन-तीनदा चिरलेली असतात, गाजराच्या पाल्याशी नातं सांगणारी. सोनकीचं (सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस) पान एकसंध असतं, लांबट, कडेला दातेरी, आणि ते खोडावर एकाआड एक येतं. इतका साधा फरक आहे की फूल नसतानाही जुलैमध्येच दोन्ही रोपं वेगळी करता येतात. पान चिरलेलं असेल तर ती सोनकी नाही, इथेच अर्धा गोंधळ मिटतो.

मग फूल घ्या. कॉसमॉसला बाहेरच्या पाकळ्या बहुतेक वेळा आठ असतात, रुंद, आणि प्रत्येकीच्या टोकाला कातरल्यासारखे तीन दाते. फूल साधारण पाच-सहा सेंटिमीटर रुंद, लांब उघड्या दांड्यावर एकटं डोलणारं. सोनकीचं फूल याच्या निम्म्याहून लहान, पाकळीचं टोक साधं, आणि फुलं झुपक्यानं येतात. आता फूल उलटं करून पाठ बघा, कारण ही खूण फोटोत सहसा निसटते. कॉसमॉसच्या फुलाखाली हिरव्या पात्यांच्या दोन वेगळ्या रांगा असतात, बाहेरची अरुंद आणि पसरट, आतली पातळ आणि उभी. सोनकीत एकच ठळक रांग दिसते.

शेवटची आणि निर्विवाद खूण बी. कॉसमॉसची बी सडपातळ, तपकिरी ते काळी, दीड ते तीन सेंटिमीटर लांब, एका टोकाला चोचीसारखी निमुळती. चोचीच्या टोकाला बहुधा दोन फाकलेली कुसळं असतात आणि त्यांवर मागे वळलेले सूक्ष्म काटे. काही बियांना कुसळ नसतंही, त्यानं गोंधळू नका. पाकळ्या झडल्यावर या बिया सगळ्या दिशांना फाकतात आणि फुलाच्या जागी काटेरी तारा दिसतो. सोनकीची बी इवलीशी, पांढऱ्या मऊ केसांच्या झुबक्यासह वाऱ्यावर उडणारी. मोज्याला अडकून घरी आली ती सोनकी नव्हे.

आणखी एका पिकाशी गल्लत होते आणि ती शेतकऱ्याला महागात पडू शकते: कारळे, म्हणजे खुरासणी. अकोले, इगतपुरी, जव्हारकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कारळ्याची शेतं पिवळीधमक होतात. कारळ्याच्या पाकळ्याही साधारण आठच आणि त्यांच्या टोकालाही तीन दाते! त्यामुळे नुसत्या फुलाच्या फोटोवरून निकाल देणारा इथे हमखास फसतो. कारळ्याचं पान एकसंध, देठाशिवाय खोडाला भिडलेलं, आणि बी छोटी, काळी, चकचकीत, बिनकुसळाची. कवला, पिवळी तिळवण, टाकळा यांच्याशी गल्लत लांबूनच होते. जवळ गेलात की कवल्याचं फूल घेवड्याच्या घाटाचं, तिळवणीला चार पाकळ्या आणि टाकळ्याला पाच.

रोपावस्थेत दोन वेगळेच सोबती त्रास देतात. गाजर गवताचं रोप आधी जमिनीलगत पानांचं चक्र करतं आणि मग वर जातं, वरची पानंही एकाआड एक. कॉसमॉस पहिल्यापासून समोरासमोर पानं धरत सरळ उभा वाढतो. झेंडूची पानं समोरासमोर असतात खरी, पण पानाच्या तुकड्यांच्या कडा दातेरी असतात आणि चुरगाळलं की झेंडूचा वास लपत नाही. बागेतला गुलाबी-पांढरा कॉसमॉस ही वेगळी जात. त्याचं पान शेपूसारखं धाग्याधाग्याचं असतं. टेकड्यांवर आपल्याला भिडलेला आहे तो केशरी-पिवळा भाऊ.

कोणाला फोटो पाठवून विचारायचं असेल तर चार फोटो पाठवा: शेजारी माणूस किंवा काठी ठेवून पूर्ण झाड, खोडाच्या पेरावरची पानांची जोडी, फुलाची पाठ आणि तळहातावर बी. सूर्यास्तासमोरचं सुंदर फूल ओळखीच्या कामाचं नसतं.

आता धोका. 'परदेशी आहे म्हणून वाईट' हे कारण मला मान्य नाही. झेंडूही मेक्सिकोचाच, आणि मिरची-टोमॅटोही अमेरिकेतून आलेले. दसऱ्याला झेंडूचं तोरण लावून कॉसमॉसला परका म्हणणं विनोदीच. फरक आहे तो वागणुकीत. झेंडू माणसानं लावल्याशिवाय डोंगर चढत नाही. कॉसमॉस स्वतःच्या बियांवर दरवर्षी पसरतो, दाट उगवतो, आणि जिथे उगवतो तिथे इतरांना जागा ठेवत नाही. परकं आणि आक्रमक हे दोन वेगळे शब्द आहेत.

तो नेमकं काय करतो हे समजून घ्यायला आपल्या टेकडीचं वेळापत्रक पाहा. इथल्या बहुतेक रानफुलांचं आयुष्य चार महिन्यांचं. जूनच्या पावसात उगवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलायचं, ऑक्टोबरपर्यंत बी टाकून संपायचं. उंची वीतभर ते गुडघाभर. कॉसमॉसही त्याच पावसात उगवतो आणि त्याच महिन्यांत वाढतो, पण चांगल्या मातीत माणसाच्या उंचीलाही पोचतो. म्हणजे भांडण एकाच वेळी, एकाच मातीत आणि एकाच उन्हासाठी आहे, आणि एक गडी दुप्पट-तिप्पट उंच. सावलीत सापडलेली सोनकी किंवा तेरडा लगेच मरत नाही. तो खुरटतो, कमी फुलतो, कमी बी टाकतो. एका हंगामात हे डोळ्यांना दिसत नाही. मातीतला स्थानिक बियांचा साठा दरवर्षी थोडा आटतो आणि कॉसमॉसचा वाढतो. काही वर्षांनी त्या जागी एकाच रंगाचा गालिचा उरतो आणि लोक म्हणतात, यंदा काय सुंदर फुललंय!

दुसरं नुकसान गवताचं. मारवेल, शेडा, कुसळी ही गवतं बहुवर्षायू. त्यांचे ठोंब आणि तंतुमुळांचं जाळं उतारावरची माती बारा महिने धरून ठेवतं. कॉसमॉस वर्षायू. डिसेंबरपर्यंत त्याच्या वाळक्या काड्या होतात, आणि ठोंबांची जागा त्यानं घेतलेली असेल तर पुढच्या पहिल्या पावसात त्या जमिनीला धरून ठेवायला फारसं काही नसतं. शिवाय गुरं-मेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चराई त्यामुळे उरलेल्या गवतावर एकवटते, गवत आणखी मागे हटतं आणि न खाल्लेल्या कॉसमॉसला आणखी मोकळी जागा मिळते. माळावर जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलांसारख्या पक्ष्यांना ठोंबाठोंबांचं विरळ गवत लागतं, दाट काड्यांचं रान नव्हे.

फुलपाखरांचा मुद्दा प्रामाणिकपणे घेतला पाहिजे, कारण टेकडीवर प्रत्येक जण तोच विचारतो. हो, कॉसमॉसवर फुलपाखरं आणि मधमाश्या येतात. मध आहे तर येणारच. पण फुलपाखराच्या आयुष्यातला मध पिण्याचा भाग हा शेवटचा. त्याआधी अळीला पानं लागतात आणि ती बहुधा ठरावीक वनस्पतींचीच. टेकडीवर भिरभिरणारी छोटी पिवळी फुलपाखरं टाकळ्यासारख्या झाडांवर अंडी घालतात. टाकळ्याच्या जागी कॉसमॉस आला तर हॉटेल मिळालं आणि पाळणाघर गेलं. दुसरं म्हणजे सगळे कीटक त्या मोठ्या केशरी फुलांकडे वळले की शेजारच्या बारीक स्थानिक फुलांना परागीकरणासाठी वाट बघावी लागते.

कास पठाराचं काय, हेही नेहमी विचारलं जातं. पठाराचा गाभा म्हणजे पातळ मातीचा, पावसाळाभर पाण्यानं डबडबलेला जांभ्याचा कातळ. तिथे सीतेची आसवं किंवा गेंदसारखी झाडं तगतात, कॉसमॉसला पाय रोवणं जड जातं. धोका कडांना आहे: रस्त्याची बाजू, पार्किंगची जागा, भराव टाकलेली माती, जिथून माणसं आणि गाड्या आत शिरतात. लक्ष ठेवायचं ते तिथे.

बी पसरतं कसं हे कळलं की निम्मा बंदोबस्त कळतो. कुसळं अडकतात ती मोज्यांत, बुटांच्या नाड्यांत, कुत्र्याच्या केसांत, मेंढीच्या लोकरीत. उताराचं पाणी आणि रस्त्याकडेचे चर ती खाली नेतात. सर्वांत लांब ती जातात मुरूम आणि मातीच्या ट्रकमधून, आणि बी धरल्यानंतर रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या यंत्रांबरोबर. आणि एक आपल्याच हौसेचा मार्ग: रंगीत फुलांच्या 'मिक्स' बियांचे सीडबॉल करून पावसाळ्यात डोंगरावर फेकणं. हे कृपा करून थांबवा.

आता काम. जागा वनखात्याची असेल तर लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही रोप उपटू नका. उद्देश चांगला असला तरी राखीव वनातून झाड काढणं हा गुन्हा ठरू शकतो. परवानगी मागताना नकाशा, तारखा आणि ओळख पटवणारे ते चार फोटो जोडा. खात्याचा माणूस सोबत आला तर उत्तमच.

कॉसमॉसचं एक दुबळं अंग आहे. त्याला कंद नाही, फुटवे देणारं जमिनीखालचं खोड नाही. मुळासकट उपटलेलं रोप संपलं. घाणेरी किंवा रानमोडीशी वर्षानुवर्षं झगडणाऱ्यांना हे सुख ठाऊक नाही. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे: कळ्या दिसू लागल्यापासून पहिली बी पक्की होईपर्यंतचे तीन-एक आठवडे. पुण्याच्या आसपास ते साधारण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येतात. पावसावर पुढेमागे होतं, म्हणून कॅलेंडर नव्हे, कळी बघा. याआधी, जुलैत, रोपं उपटायला सोपी असतात पण नवख्यांना ओळखू येत नाहीत आणि स्थानिक रोपं तुडवली जातात. याच्या नंतर, काटेरी तारे दिसू लागल्यावर, बेफिकीर उपटणं म्हणजे पेरणीच.

पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. ओल्या मातीतून खोडाला तळाशी धरून हळू ओढलं की मूळ अख्खं येतं. कोरड्या मुरमात खोड तुटतं. तुटलंच तर खुरप्यानं मूळ काढा. विळ्यानं छाटायचं असेल तर जमिनीलगत, अगदी तळाशी. वीतभर उंचीवर कापलं की खालच्या पेरांतून फांद्या फुटतात आणि महिन्याभरात तेच झाड बुटकं होऊन पुन्हा फुलतं. गवत कापायच्या यंत्रानं वरवर कापून समाधान मानणाऱ्या मोहिमा इथेच फसतात.

सुरुवात गर्दीच्या मधोमध करू नका, मोह कितीही झाला तरी. आधी लांब विखुरलेली एकटी-दुकटी झाडं काढा, मग कडा, शेवटी गाभा. उद्याचे नवे गालिचे विखुरलेल्या झाडांतून तयार होतात, गाभा तर आधीच हातचा गेलेला असतो. उतारावर वरून खाली या, कारण बी पाण्याबरोबर खालीच येतं. माणसं कमी असतील तर दहा मीटर लांब-रुंद चौकटी दोरीनं आखून घ्या, प्रत्येकाला मीटरभर रुंदीची पट्टी द्या आणि एक चौकट पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या चौकटीत जाऊ नका. दहा अर्धवट चौकटींपेक्षा तीन स्वच्छ चौकटी परवडतात. प्रत्येक गटात सोनकी आणि कॉसमॉस दोन्ही हातात घेऊन दाखवू शकेल असा एक जण हवाच.

काढलेल्या झाडांचं काय करायचं ते टप्प्यावर ठरतं. कळी नसलेली रोपं कातळावर मुळं वर करून वाळत घातली तरी चालतात. ओल्या मातीवर टाकली तर पावसात पुन्हा मूळ धरू शकतात. फूल असेल तर ढीग ताडपत्रीवर करा, कारण फुलाच्या मध्यावरची हिरवी बी उपटलेल्या खोडाच्या ओलाव्यावरही पिकू शकते. बी धरलेलं असेल तर आधी बोंडं कात्रीनं कापून थेट पिशवीत घ्या आणि मगच झाड हलवा. पिशवी म्हणजे खताचं रिकामं प्लॅस्टिकचं पोतं, गोणपाट नको. गोणपाटात कुसळं रुततात आणि तेच पोतं पुढच्या टेकडीवर बी घेऊन जातं. ती बोंडं पाण्याच्या पिंपात बुडवून काही आठवडे पूर्ण कुजवा. घरच्या कंपोस्टच्या ढिगावर भरवसा ठेवू नका. बी मारायला ढिगात पंचावन्न-साठ अंश उष्णता काही दिवस टिकावी लागते आणि छोटा ढीग तेवढा तापत नाही. टेकडीवर जाळणं तर नकोच. वाळकं गवत पेटलं तर तुम्ही वाचवायला गेलेलंच जळून जाईल.

निघताना सगळ्यांनी एका चादरीवर उभं राहून मोजे, नाड्या, पँटच्या दुमडी झाडायच्या आणि चादर पिंपात रिकामी करायची. लोकर किंवा जाड सुती मोजे त्या दिवशी घरी ठेवा.

तणनाशकाचा विचार डोक्यातून काढून टाका. टू-फोर-डी रुंद पानांच्या सगळ्याच झाडांना मारतं, म्हणजे कॉसमॉसबरोबर सोनकी आणि तेरडाही. ग्लायफोसेट गवतही सोडत नाही. उतारावरून ते खालच्या ओढ्यात उतरणार ते वेगळंच. गाजर गवतावर सोडला तसा एखादा भुंगा कॉसमॉसवर सोडता येईल का? तो मेक्सिकन भुंगा 1983 साली बेंगळुरूला आणला गेला तो गाजर गवतावर जगतो म्हणूनच. कॉसमॉससाठी आपल्याकडे असा सोडलेला कीटक नाही. गाजर गवताची आठवण इथे कामाची आहे, कारण भारतातली त्याची सुरुवातीची नोंद 1955 सालची, पुण्यातलीच, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावरची. तेव्हा ते मूठभर होतं.

एकदा उपटून काम संपत नाही. सगळं बी एकाच पावसात उगवत नाही, शिवाय दाटी काढली की ऊन जमिनीवर पोचतं आणि मागे राहिलेलं बी जागं होतं. म्हणून त्याच चौकटीत पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा जायचं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा. हे सलग तीन-चार वर्षं करायची तयारी नसेल तर मोठी जागा घेऊच नका, छोटी घ्या. प्रगती मोजायला मीटरभर लांबी-रुंदीची दोरीची चौकट पाच ठरलेल्या जागी टाका आणि दोन आकडे लिहा: कॉसमॉसची रोपं किती, आणि इतर वनस्पतींचे प्रकार किती. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी. पहिला आकडा घटून दुसरा वाढला नाही, तर तुम्ही फक्त जागा रिकामी करताय आणि तिथे गाजर गवत शिरेल.

रिकाम्या जागेत खड्डे खणून झाडं लावू नका. टेकडीवरचा गवताळ माळ म्हणजे अपुरं राहिलेलं जंगल नाही, आणि खणलेली भुसभुशीत माती कॉसमॉसला सगळ्यात प्रिय. फार उघडं पडलं असेल तर त्याच टेकडीवरच्या मारवेल-शेड्याचं बी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोळा करून कोरडं ठेवा आणि मेअखेरीस तिथेच विस्कटून टाका. बाकी ठिकाणी नुसती वाट बघितली तरी मातीतलं जुनं बी उठतं.

घरच्या कुंडीतल्या कॉसमॉससाठी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पाकळ्या गळायला लागल्या की फूल खुडा, बी धरू देऊ नका. टेकडीला, ओढ्याला किंवा माळाला लागून घर असेल तर मात्र तो लावूच नका, शेवंती लावा. सोसायटीच्या माळ्यालाही हे सांगून ठेवा, कारण छाटलेला कचरा कुंपणापलीकडे टेकडीच्या बाजूला फेकायची सवय फार जुनी आहे.